अणूच्या सावलीतील आकाश

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या समुद्रकाठी बांधलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १५ जानेवारी १९६२ रोजी झाले. त्या समारंभाची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. त्याच महिन्यात संस्थेचे संचालक डॉ. होमी भाभा यांनी परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीयांना एक तार पाठवली. तिची बातमी झाली नाही. गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन हे ते चौघे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्राचे, म्हणजे आकाशस्थ वस्तूंकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपण्याचे शास्त्र ते शिकले होते. आम्ही चौघे एकत्र परत येण्यास तयार आहोत, आम्हाला एकत्र काम करू द्या, असा प्रस्ताव त्यांनी १९६१ च्या सप्टेंबरात देशातील प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या धुरीणांकडे धाडला होता. सर्वांत ठोस उत्तर भाभांचे आले. असा गट स्थापन करण्याचे ठरले आहे, एवढाच त्या तारेचा आशय होता.

या निर्णयासाठी कोणती समिती नेमली गेली नव्हती. पदांना मंजुरी नव्हती, जाहिरात नव्हती. टाटा संस्थेत तोवर रेडिओ खगोलशास्त्र हा विषयही नव्हता. भाभांच्या हाती होते ते परदेशातील जाणत्या खगोलशास्त्रज्ञांचे अभिप्राय आणि माणूस पारखण्याचा स्वतःचा अनुभव.

भाभांचे नाव निघाले की आपल्याला तुर्भ्याच्या अणुभट्ट्या आठवतात, अप्सरा आठवते, अणुबॉम्बविषयीचा न संपणारा वाद आठवतो. ते स्वाभाविकच आहे. तरीही भारतातील आजच्या अवकाश संशोधनाच्या आणि मोठ्या दुर्बिणींच्या कहाणीची सुरुवात शोधत मागे गेले, तर वाट याच माणसाच्या दारात पोचते. ज्या राष्ट्राने अद्याप पोटभर धान्य पिकवलेले नव्हते, त्याने आकाश न्याहाळण्यावर पैसा खर्च करावा काय, आणि करायचाच तर तो कोणाच्या हाती सोपवावा, या दोन प्रश्नांची उत्तरे भाभांनी आपल्या कृतीने दिली. पहिले उत्तर आज बहुतेकांना मान्य आहे. दुसऱ्यावर अजून बोलायला हवे.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रकलेचे ग्रंथ होते, तसेच देशातील पहिल्या पोलाद कारखान्याच्या गोष्टीही कानावर पडत. मुलाने अभियंता व्हावे आणि जमशेदपूरला रुजू व्हावे, अशी वडिलांची आणि टाटांची इच्छा होती. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले ते यंत्रशास्त्र शिकण्यासाठी. तेथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात गुंतले. पितापुत्रांत तडजोड ठरली: आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग, मग गणिताला परवानगी. १९३० मध्ये मुलाने आपली बाजू पुरी केली आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढची नऊ वर्षे भाभांनी वैश्विक किरणांना दिली. हे किरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे अतिवेगवान कण. त्यांचा शोध १९१२ मध्ये फुग्यातून उंच जाऊन लागला होता. परंतु ते वातावरणात शिरल्यावर नेमके काय होते, हे कोडे होते. एक कण वरून येतो आणि खाली यंत्रांत एकाच क्षणी अनेक कणांच्या सरी कोसळताना दिसतात, त्या कोठून? भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये त्याचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणूंजवळून जाताना प्रारण फेकतो, त्या प्रारणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती जोडी पुन्हा प्रारण फेकते आणि पाहता पाहता एका कणाचे शेकडो होतात. ‘प्रपात’ हे त्या प्रक्रियेचे नाव किती योग्य आहे, हे सह्याद्रीतला पावसाळा पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको. या किरणांतील जड कण वेगामुळे अधिक काळ जगतो काय, हे मोजले तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताची परीक्षा होईल, हेही भाभांनी १९३८ मध्ये दाखवून दिले.

१९३९ च्या उन्हाळ्यात ते सुटीवर मायदेशी आले आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जेथे भौतिकशास्त्र विभागाची धुरा चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे होती, त्यांना प्रपाठकाची जागा मिळाली आणि दोराबजी टाटा न्यासाच्या साह्याने त्यांनी वैश्विक किरणांचे एक छोटे केंद्र काढले. विक्रम साराभाई हा अहमदाबादचा तरुणही युद्धामुळे केंब्रिज सोडून तेथेच आला होता आणि तोही याच किरणांच्या मागे होता. भारताच्या अणुकार्यक्रमाचे आणि अवकाश कार्यक्रमाचे भावी सूत्रधार एकाच आवारात एकाच विषयावर काम करीत होते, हा योगायोग युद्धाने घडवला.

त्या विषयाची निवड मात्र योगायोगाची नव्हती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हे एखाद्या चाळणीसारखे काम करते. ध्रुवांजवळ कमी ऊर्जेचे कणही आत शिरतात; चुंबकीय विषुववृत्ताजवळ केवळ अत्यंत बलवान कणच वातावरणापर्यंत पोचतात, बाकीचे वळवले जातात. हे विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. म्हणजे केरळपासून काश्मीरपर्यंत यंत्र फिरवले, तर चाळणीची भोके बदलत गेल्यासारखे होते आणि कोणत्या ऊर्जेचे किती कण येतात याचा हिशेब मांडता येतो. ज्यासाठी युरोपीय शास्त्रज्ञांना जहाजांतून समुद्र ओलांडावे लागत, ते येथे रेल्वेच्या तिकिटात साधत होते. नोबेल विजेते रॉबर्ट मिलिकन यांनी हे ओळखले होते. १९३९ च्या अखेरीस त्यांचा गट अमेरिकेतून येऊन पेशावर, आग्रा आणि बंगळूर येथून यंत्रे बांधलेले फुगे सोडून गेला. भाभांनीही युद्धकाळात अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून सुमारे तीस हजार फुटांवर उपकरणे नेऊन मोजमापे घेतली. गरीब देशाने महागड्या विज्ञानात उतरायचे तर जेथे निसर्गानेच आपल्याला आघाडी दिली आहे तेथे उतरावे, हे सूत्र त्या काळात त्यांच्या मनात पक्के झाले असावे, असे त्यांची पुढील वाटचाल पाहून वाटते. त्यांनी ते सिद्धान्त म्हणून फारसे मांडले नाही. मात्र ते सोडलेही नाही.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मूलभूत भौतिकशास्त्राची एक उत्तम संस्था भारतात असावी, म्हणजे काही दशकांनी अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असे त्यांनी त्यात सुचवले होते. हिरोशिमाला अजून सतरा महिने अवकाश होता. न्यासाने महिन्याभरात होकार दिला. जून १९४५ मध्ये बंगळूरला सुरू झालेली टाटा संस्था वर्ष संपण्यापूर्वी मुंबईत, पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली. तो बंगला नातलगांचा. भाभांचा जन्मही तेथलाच. काही वर्षांनी संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली. ज्या क्लबात गोऱ्यांखेरीज कोणास प्रवेश नसे, तेथे आता वैश्विक किरणांचे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जाऊ लागले.

येथे पुण्याची आठवण काढणे आवश्यक आहे. या देशात आधुनिक खगोलभौतिकीची वेधशाळा भाभांच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात उभी राहिली होती. कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या तितक्याच अनुदानातून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये ती स्थापन केली. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला आणि सूर्याच्या प्रभामंडलाचे वर्णपट टिपले. त्याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तंबूही पडला होता. हे सारे एका माणसाच्या जिवावर चालले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण उचलून कोडाईकनालला नेण्यात आली, तेथे ती पुढे कित्येक वर्षे वापराविना पडून राहिली.

भाभांची पद्धतही माणसाभोवती संस्था उभारण्याचीच होती. आधी विभाग काढून मग त्यात माणसे भरायची नाहीत. योग्य माणूस सापडला की त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा, तो नसेल तर तो विषय तूर्त सोडून द्यायचा. मग पुण्यात जे बुडाले ते कुलाब्यात का तरले? माझ्या मते त्याचे उत्तर भाभांच्या प्रतिभेत जितके आहे, त्याहून अधिक त्यांनी मिळवलेल्या प्रशासकीय चौकटीत आहे.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा खाते निघाले. सचिव भाभा, मंत्री स्वतः पंतप्रधान. खात्याचे मुख्यालय दिल्लीत नव्हे तर मुंबईत राहिले, ही बाब किरकोळ नाही. १९५८ च्या ठरावाने आयोगाला वित्तीय आणि प्रशासकीय बाबतींत असे अधिकार मिळाले, की एरवी खात्याखात्यांतून महिनोन्महिने फिरणारी फाइल येथे एका बैठकीत निकाली निघे. टाटा संस्था या खात्याच्या छत्राखाली आली आणि तिच्या मूलभूत संशोधनाला अणुशक्तीच्या अंदाजपत्रकात आसरा मिळाला. अणूला जेवढे लागत होते, त्यापुढे आकाशाचा खर्च नगण्य होता. मोठ्या वृक्षाच्या सावलीत लहान रोप वाढावे तसे ते वाढले.

त्या सावलीत काय काय झाले पाहा. अमेरिकेत संशयाच्या राजकारणाने छळलेले बर्नार्ड पीटर्स हे वैश्विक किरणांचे नामांकित अभ्यासक १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आले आणि अनेक वर्षे राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या देवेंद्र लाल आणि इतर तरुणांनी वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे बेरिलियमचे किरणोत्सारी अणू पावसाच्या पाण्यात शोधले. समुद्रतळाच्या गाळाचे वय काढण्यापर्यंत त्या कामाचा उपयोग झाला. संस्थेत प्लास्टिकचे फुगे बनू लागले. येथे एक अडचण होती: विषुववृत्तीय प्रदेशात सोळा-सतरा किलोमीटरवर हवा उणे ऐंशी अंशांपर्यंत थंड होते, समशीतोष्ण प्रदेशातल्याहून बरीच अधिक, परदेशी फुगे त्या थंडीत काचेसारखे तडकत. त्यासाठी वेगळे प्लास्टिक, वेगळी जोडणी लागली. हैदराबादहून सुटणाऱ्या या फुग्यांनी पुढे क्ष-किरण देणाऱ्या ताऱ्यांचा वेध घेतला.

वर फुगे, तर खाली खाण. जमिनीत जितके खोल जावे तितके वैश्विक किरण कमी होतात, म्हणून भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुणाला १९५० च्या दशकाच्या आरंभी कोलारच्या सोन्याच्या खाणीत धाडले. तेथे सुरू झालेल्या प्रयोगांतून १९६५ मध्ये, सुमारे सव्वादोन किलोमीटर खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ या कामात सहभागी होते. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत दुसऱ्या गटालाही त्या दिसल्या. निसर्गाची देणगी शोधण्याचे जुने सूत्र येथेही होते. जगातील सर्वांत खोल खाणींपैकी एक आपल्याकडे आहे, तर ती का वापरू नये?

या पद्धतीची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. तिचे सर्वांत जाणते टीकाकार होते मेघनाद साहा. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान कसे वाचावे, हे ज्यांच्या समीकरणाने जगाला शिकवले, ते साहा या देशाचे पहिले मोठे खगोलभौतिकीविद होते. पूर्व बंगालातील खेड्यातल्या लहान दुकानदाराचा हा मुलगा १९५२ मध्ये कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आला. अणुऊर्जा आयोगाची घाई करू नका, आधी उद्योगांचा पाया आणि विद्यापीठांत प्रशिक्षित मनुष्यबळ तयार करा, असे त्यांचे म्हणणे होते. संशोधन गोपनीयतेच्या कायद्याखाली विद्यापीठांबाहेर नेले, तर विद्यापीठे ओस पडतील हा त्यांचा इशारा होता. साहांच्या विरोधात व्यक्तिगत कटुतेचा अंश नव्हता असे नाही. मुंबईच्या संस्थेकडे वळलेला निधी कलकत्त्याच्या वाट्याचा होता, ही भावना तेथे होती. तथापि युक्तिवाद खरा होता. त्यांनी आपली शेवटची वर्षे पंचांग सुधारणेला दिली. १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका त्यांच्या समितीची. ती पाहण्यास ते राहिले नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा संस्थेच्या आरंभापासून गणिताचे प्राध्यापक होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करता करता ते प्राचीन भारताच्या इतिहासाची मांडणी करीत. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा या देशाला अधिक मानवेल, असे ते उघडपणे म्हणत. १९६२ मध्ये, म्हणजे चौघा रेडिओ शास्त्रज्ञांना तार गेली त्याच वर्षी, त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. त्यांचे गणितातील अखेरचे काम वादग्रस्त होते, हे मान्य. पण माणसाची पारख हाच जेथे नियम असतो, तेथे पारख फिरली की दाद मागायला जागा उरत नाही, हे यातून दिसते.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये अवकाश संशोधनाचा विषयही सरकारने अणुऊर्जा खात्याकडे सोपवला. स्पुटनिकला चार वर्षे झाली होती आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते. भाभांनी हे काम स्वतःकडे ठेवले नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद बंगळूरचे जुने सहकारी साराभाई यांच्याकडे आले. अधिकाराची हाव असल्याचा आरोप भाभांवर वारंवार झाला आहे. या प्रसंगी तरी तो लागू पडत नाही.

मग पुन्हा तीच चुंबकीय विषुववृत्ताची रेषा. तिच्याजवळ, जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रबळ प्रवाह पूर्वेकडे वाहतो. फुगा तेथवर पोचत नाही, उपग्रह त्याहून वर फिरतो. तेथे जाऊन मोजणारे साधन म्हणजे अग्निबाण. त्यासाठी तिरुवनंतपुरमजवळील थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले गेले. चर्चने आपली जागा दिली, गावकरी हलले, आणि प्रार्थनागृहात अग्निबाणाची जुळणी सुरू झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला तो अमेरिकन. त्यातील सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रेंच. शीतयुद्धाच्या ऐन भरात वॉशिंग्टन, पॅरिस आणि मॉस्को अशा तिघांचीही मदत एका किनाऱ्यावर आली, याचे कारण निव्वळ मुत्सद्देगिरी नव्हे. ती जागाच अशी होती की तेथे येणे सर्वांच्या फायद्याचे होते.

इकडे तार मिळालेल्या चौघांपैकी गोविंद स्वरूप मार्च १९६३ च्या अखेरीस स्टॅनफर्ड सोडून मुंबईत आले. इतरांपैकी काही पुढे थोडा काळ आले आणि परत गेले. मुळात चौघांच्या भरवशावर घेतलेला निर्णय जवळपास एकावर आला होता. भाभांनी तो फिरवला नाही.

स्वरूप यांचे पहिले काम कल्याणचे. त्याची पूर्वकथा भारतीय कार्यालयीन कारभाराचा नमुना आहे. सिडनीजवळ सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या, प्रत्येकी १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पडून होत्या. सिडनीत असताना स्वरूप यांनी स्वतः त्यांवर काम केले होते. त्या तबकड्या आता कल्याणला आणल्या गेल्या आणि १९६५ मध्ये त्यांची रांग सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपू लागली. लोकलच्या टप्प्यातील त्या उपनगराजवळ देशातील रेडिओ खगोलशास्त्राची ही पहिली मोठी मांडणी होती, हे आज त्या भागातून रोज ये-जा करणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

स्वरूप यांची खरी कल्पना त्याहून धाडसी होती. चंद्र आकाशातून सरकताना दूरच्या रेडिओस्रोतांना झाकतो. तो स्रोत कोणत्या क्षणी लपला आणि कोणत्या क्षणी प्रकटला, हे अचूक टिपले तर त्याची जागा आणि आकार दोन्ही कळतात. त्यासाठी चंद्राचा तासन्‌तास पाठलाग करणारी प्रचंड दुर्बीण हवी. युरोपात ती बांधणे अवघड आणि खर्चाचे. भारतात, दक्षिणेकडे, अशी टेकडी शोधता येईल की जिचा उतार तेथील अक्षांशाइतकाच आहे. मग त्या उतारावर आडवी ठेवलेली दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर होईल आणि तिला एकाच आसावर फिरवले की पुरे. उटकमंडजवळ अकरा अंशांच्या उताराची टेकडी सापडली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, २४ लोखंडी चौकटींवर ताणलेल्या अकराशे पोलादी तारांची ती रचना भाभांच्या संमतीने पुढे सरकली. चौतीस-पस्तीस वर्षांच्या संशोधकाने अशी योजना मांडावी आणि संचालकाने तिच्यात आपल्या जुन्या सूत्राची खूण ओळखावी, यात नवल नाही. चुंबकीय विषुववृत्त, कोलारची खाण, थुंब्याचा किनारा आणि आता उटीचा उतार: चारही ठिकाणी या भूमीने दिलेले काहीतरी होते.

७ जानेवारी १९६६ रोजी मुंबईत जगभरच्या वैज्ञानिक संघटनांच्या प्रतिनिधींसमोर भाभांनी विकसनशील देशांतील विज्ञानावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी अणुऊर्जा खात्याच्या आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या वाढीची तुलना केली. तयार आराखडे घेऊन इमारती बांधायच्या आणि त्या भरण्यासाठी विद्यापीठांतील उत्तम माणसे उचलायची, या रीतीने विद्यापीठे दुबळी झाली, असे त्यांचे निदान होते. हे ऐकायला साहा असते तर त्यांनी कदाचित मंद स्मित केले असते. कारण टाटा संस्थेने माणसे घडवली हे खरे, पण त्या माणसांनी पदवीच्या वर्गावर शिकवावे अशी सोय तिच्या रचनेत नव्हती. मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी त्याच शहरात राहून कुलाब्याच्या त्या दारातून आत जाण्याची शक्यता फारच थोडी होती.

व्याख्यानानंतर चार दिवसांनी ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले. २४ जानेवारीला सकाळी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ११७ जण ठार झाले. भाभा व्हिएन्नाला एका बैठकीसाठी निघाले होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी झाला. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. अपघातामागील कटाच्या कथा आजही फिरतात. त्यांना पुरावा नाही आणि त्यांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.

नायगमवाला निवृत्त झाल्यावर पुण्यात जे घडले, ते येथे घडले नाही. टाटा संस्थेची सूत्रे एम. जी. के. मेनन या वैश्विक किरणांच्याच अभ्यासकाकडे गेली, आयोगाची साराभाईंकडे. उटीची दुर्बीण १९७० च्या फेब्रुवारीत चालू झाली. पुढील काही वर्षांत तिने टिपलेल्या शेकडो स्रोतांच्या आकारांवरून विश्व सदैव एकसारखे नव्हते, ते बदलत आले आहे, या मताला बळ मिळाले. स्वरूप तेथे थांबले नाहीत. १९८० च्या दशकात त्यांनी जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणींचा प्रकल्प हाती घेतला. सह्याद्रीच्या आडोशामुळे शहरांचा रेडिओ गोंगाट तेथवर कमी पोचतो, हे त्या जागेच्या निवडीमागचे एक कारण होते. नारायणगावच्या द्राक्षबागांतून त्या जाळीदार तबकड्या दिसतात.

साराभाईही १९७१ च्या डिसेंबरात अकाली गेले आणि पुढच्याच वर्षी अवकाश खाते अणुऊर्जेपासून वेगळे झाले. अग्निबाण आणि उपग्रह त्या नव्या खात्याकडे गेले. टाटा संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ मात्र अणुऊर्जा खात्यातच राहिले. २०१५ मध्ये इस्रोने सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या वेधशाळेतील क्ष-किरणांची प्रमुख उपकरणे कुलाब्यात घडली, तेव्हा दोन्ही घरांची सोयरीक पुन्हा जुळली.

विद्यापीठांचा प्रश्न उरला होता, तो टाटा संस्थेतीलच एका माणसाने उचलला. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून कुलाब्याला आले होते. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वतीने त्यांनी पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, उभारण्यास घेतले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील प्राध्यापकानेही येथे यावे, काही आठवडे राहावे, दुर्बिणीवर वेळ मागावा आणि परत जाऊन शिकवावे, अशी तिची रचना आहे. हीही एका माणसाभोवती वाढलेली संस्था. गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’च्या शेजारीच टाटा संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. खोडदच्या दुर्बिणी तेच केंद्र चालवते. ‘आयुका’चा पैसा विद्यापीठ अनुदान आयोगातून येतो, रेडिओ केंद्राचा आजही अणुऊर्जा खात्यातून.